रॉची भरती म्हणून आलेला तो मेसेज

बबली,

काल तू पाठवला तो मेसेज, रॉमध्ये, म्हनजे देशाबाहेरची खबर काढणाऱ्या सरकारी गुप्तचर खात्यात, डायरेक्ट भरती आन फॉर्म फी दीड हजार, थो फ्रॉड आहे बाई, एक रुपयाही पाठवू नको. आयबीची, म्हनजे देशातली खबर पाहणाऱ्या गुप्तचर खात्याची, जाहिरात निघते, रॉची अशी निघत नाई. रॉचं सोताचं केडर, म्हनजे अधिकाऱ्याह्यची फळी, आहे, बाकी यूपीएससीतून आयपीएस किंवा दुसऱ्या ग्रुप ए, म्हनजे वरच्या दर्जाच्या, सर्व्हिसमध्ये लागलेल्यांतून थे माणसं निवडतात, म्हनजे तुझा यूपीएससीचा अभ्यास हाच खरा रस्ता.

पन जायचंच असन तर सिनेमातली मारामारी डोक्यातून काढ. पयले देशातली आन बाहेरची दोन्ही खबर आयबीच पाहे, थे इंग्रजांच्या काळचं खातं. 1962 ले चीननं झोडपलं, 1965 ले पाकिस्तानच्या वेळीही खबर कमी पडली, मग इंदिराबाईनं 21 सप्टेंबर 1968 ले बाहेरचं काम येगळं काढून रामेश्वरनाथ काव यांच्या हाती देल्लं, थेच रॉ. तीनच वर्षांत बांगलादेशचं युद्ध, मुक्तिवाहिनीले, म्हनजे बांगलादेशसाठी लढणाऱ्या बंगाली फौजेले, ट्रेनिंग देण्यात रॉचा मोठा हात होता. 1977 ले मोरारजीभाई आले, त्याह्यले रॉवर भरोसा नव्हता, काव गेले आन कामही बरंच कापलं गेलं.

मले सगळ्यात जास्त कारगिलचं वाटते. मे 1999 मध्ये पाकिस्तानचा लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगले होता, रावळपिंडीत त्याचा जनरल अझीझ, दोघं फोनवर बोलले आन आपल्या रॉच्या लोकाह्यनं थो फोन रेकॉर्ड केला. मुजाहिदीन लढून रायले, आमचा संबंध नाई, असं पाकिस्तान सांगे, थे खोटं ठरलं, जूनमध्ये सरकारनं टेप जगाले ऐकवली. पन कारगिलच्या डोंगरात घुसलेली माणसं पयले कोनाले दिसली? हरवलेला याक शोधत फिरणाऱ्या ताशी नामग्यालले! साधा मेंढपाळ, आपल्या धनगराह्यसारखा. मंग कारगिलची चौकशी करणाऱ्या सरकारच्या सुब्रह्मण्यम कमिटीनं गुप्तचरांच्या चुका सरळ लिहून काढल्या. फोन पकडणारे हुशार होते याच्यात वाद नाई, पन डोंगरावरच्या मानसाले विचारणारा कोनी पायजे होता, आन थे काम खेड्यातली पोरगी चांगलं करू शकते असं मले मनापासून वाटते.

एक गोष्ट मले पटत नाई, रॉ पंतप्रधानाच्या हाताखाली, संसदेले थेट हिशोब नाई, माहिती अधिकारातूनही जवळपास बाहेर. गुपित ठेवा, पन खासदाराह्यची एखादी कमिटी तरी पायजे.

तू लागलीच तर घरीही सांगता येनार नाई. गावात कोनी विचारलं तर दिल्लीले सरकारी नोकरीत आहे, एवढंच मी सांगीन, आन मले तेवढं पुरे.

सोयाबीन निघालं का क्लासच्या फीचे पैसे टाकतो, चिनी नाईतर अरबी, एखादी भाषा धर. आन तुझ्या रूमवरच्या कोन्या पोरीनं थे दीड हजार भरले असन तर तिले आजच 1930 वर फोन लावाले सांग, सायबरवाल्याह्यचा नंबर आहे.

तुझे बाबा