काटा खाली आला, चरबीचे काय?

महोदय,
‘सात दिवसांत पाच किलो घटवा’ अशा जाहिरातींना भुलून अनेक जण जेवण जवळजवळ बंदच करतात. आठवडाभरात काटा खाली येतोही. पण शरीरातल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे यकृत आणि स्नायूंतल्या साखरेच्या साठ्यासोबत, सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते. उपासमारीत ग्लायकोजेन संपते, पाणी निघून जाते आणि आपण खूश होतो. एक किलो चरबी उतरायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे सात दिवसांत पाच किलोसाठी रोज ५,५०० कॅलरी! बहुतेकांचा दिवसाचा एकूण खर्चच याच्या निम्म्याहून कमी असतो.

सकाळच्या मध-लिंबू पाण्याचेही तेच. कोमट पाणी जरूर प्यावे, पण त्याने चरबी वितळत नाही. मोठा चमचाभर मधात सुमारे ६० कॅलरी असतात, हे मधुमेहींनी तरी लक्षात घ्यावे.

आठवड्याला अर्धा ते एक किलो, हा वेग बहुतेकांना झेपतो. घाई केली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. याची मला खरी काळजी वाटते, कारण शाळकरी मुलीही आता हे प्रकार करू लागल्या आहेत. पुरेशी प्रथिने, भाज्या, डाळी, चालणे आणि झोप यांची जाहिरात कोणी करत नाही. आपल्या आरोग्य पुरवणीत आहारतज्ज्ञांचे नियमित सदर सुरू करावे, ही विनंती.

– एक वाचक