बोन्सायसाठी रानातली झाडं आणण्याबाबत सूचना

सभासदहो, पाऊस लागला की जुन्या भिंतींतले पिंपळ-उंबर काढा, पण त्या इमारतीच्या सोसायटीला विचारूनच. येऊरच्या जंगलातून मात्र काहीही आणायचं नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथून झाड उपटणं गुन्हा आहे.

काहीजण हिमाचलातून चीड (तिथलं पाइनचं झाड) आणायचं म्हणताहेत. तिथेही वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. मिळालाच, तर वडाची मुळं धुतो तशी याची धुऊ नका. मुळांवरची पांढरी बुरशी त्याला पाणी आणि अन्न शोषायला मदत करते, म्हणून मुळांभोवतीची बरीचशी जुनी माती तशीच ठेवा. भोवती भरड, निचऱ्याची माती घाला, झाड कुंडीला तारेनं घट्ट बांधा. वर्षभर छाटणी, वायरिंग (आकार देण्यासाठी फांद्यांना तार गुंडाळणं) काही नको. (ठाण्याच्या उकाड्यात उंबरच बरा, हे माझं मत!)

शंका असल्यास झाड काढण्याआधी ग्रुपवर फोटो टाका.