धरणाचा दोष बिलगावच्या माथी मारू नका

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला लघुजलविद्युत प्रकल्पांवरचा लेख वाचला. असे प्रकल्प गावांच्या हाती दिले की देखभालीअभावी बंद पडतात, असा लेखकाचा निष्कर्ष आहे आणि पुराव्यादाखल एका ओळीत बिलगावचं नाव. ती ओळ वाचून संताप आला, म्हणून हे पत्र.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर २००३ च्या जानेवारीत १५ किलोवॅटचा प्रकल्प सुरू झाला. केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या अभियंत्यांनी तो आखला, आणि गावाने श्रमदान करून उभा केला. जीवनशाळेची, म्हणजे नर्मदा बचाव आंदोलनाने चालवलेल्या शाळेची, पोरंसुद्धा कामाला होती. मी तेव्हा त्या भागात शिक्षक होतो. एका पाड्यावर गेलो, तर भाकरी थापता थापता घरातल्या बाईंनी मला सगळं समजावलं : पाणी बंधाऱ्यावरून कालव्यात, कालव्यातून टाकीत, टाकीतून पाइपने खाली चाकावर. पालापाचोळा अडकला तर तो काढायची पाळी कोणाची, हेही त्यांना तोंडपाठ. अशा माणसांना देखभाल जमत नाही म्हणता?

प्रकल्प गावाने बंद पाडलेला नाही. २००६ साली नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची उंची ११० मीटरच्या पुढे नेली आणि त्याच पावसाळ्यात पाण्याने तो घालवला. नर्मदाकाठच्या डोमखेडी गावातला वीजनिर्मितीचा त्याहून छोटा प्रयोग तर आधीच धरणाच्या फुगवट्याखाली गेला होता. ‘धरण’ हा शब्द लेखात एकदाही नाही! त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरलेला आहे. ज्यांची वीज त्यात बुडाली त्यांच्या वाट्याला काय आलं, हे लेखकाने पाड्यांवर जाऊन विचारायला हवं होतं. बुडालेल्या घराचा पंचनामा होतो, शेताचा होतो. गावाने स्वतः बांधलेल्या वीजकेंद्राची भरपाई कोणी द्यायची?

लेखकाच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. पण हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याचा खुलासा आपण तितक्याच ठळकपणे छापावा, ही विनंती.

आणखी एक. छायाचित्राखाली ‘जि. धुळे’ छापलं आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. याबद्दल मी पूर्वीही आपल्याला लिहिलं होतं, ते पत्र छापलं गेलं नाही. हे तरी छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)