कार्यानुभवात सुईदोरा हवा

महोदय,

गोधड्या हल्ली प्रदर्शनांत चढ्या भावाने विकल्या जातात आणि आपल्या कपाटांत जुन्या सुती साड्या नुसत्या पडून असतात. साडी मध्ये विरली तरी काठ-पदर धड असतो. अशा तीन-चार साड्या एकावर एक ताणून अंथराव्यात, कडा टाचून घ्याव्यात आणि कडेकडून आत धावदोरा घालत यावे. टाका बारीक नसला तरी चालतो, ओळ मात्र सरळ हवी. सिंथेटिक साडी यात घालू नये. ती सरकते, शिवाय अंगाला उकडते. उरलेल्या काठांचे पिशव्यांना बंद होतात. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी मेथीची जुडी अजून पातळ पिशवीतूनच हातात पडते!

सुया-दोरे तुळशीबागेत स्वस्तात मिळतात. शिकवणारी आजीही अनेक घरांत आहे. शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याच्या प्रतिकृतींऐवजी बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे, रफू करणे एवढे तरी शिकवावे, आणि तेही मुलग्यांना वगळून नव्हे. प्रतिकृती शेवटी पालकच करतात, हे शिक्षकांनाही ठाऊक असते.

– एक वाचक, कोथरूड, पुणे