शुभास पत्र: पिशवी काढण्याची घाई नको

प्रिय शुभा,

पॅपच्या (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या चाचणीच्या) रिपोर्टवर ‘एचएसआयएल’, म्हणजे पेशींत कर्करोगाआधीचे गंभीर बदल, दिसलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘गर्भाशयाची पिशवी कधी काढायची?’ तूही तेच विचारलंस. आधी एवढं पक्कं धर: गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे का आणि असलाच तर किती खोल गेलाय, हे मोजल्याशिवाय पिशवीला हात लावू द्यायचा नाही.

पॅप ही चाळणी चाचणी, निदान नव्हे. पुढची पायरी कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहणं. गर्भाशयमुखावर 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात, पांढऱ्या पडलेल्या भागातून तुकडा घेतात. गाठ किंवा जखम डोळ्यांना दिसत असेल, तर पॅपमध्ये वेळ न घालवता सरळ बायोप्सी (तुकडा काढून तपासणं), आणि तीही कडेची. मधला भाग मेलेला असतो, त्यातून काही कळत नाही. अशा वेळी पॅप चक्क नॉर्मलही येतो. त्या कागदावर विसंबून अंगावरून जाणं महिनोन् महिने सोसणाऱ्या बायका असतात, याचा मला फार राग येतो.

छोट्या तुकड्यावरून खोली ठरत नाही. जखम दिसत नसताना संशय असेल, तर कोन बायोप्सी करावी लागते. शंकूच्या आकाराचा तो भाग एकसंध निघायला हवा आणि 12 वाजताच्या जागी टाक्याची खूण हवी. तुकडे झाले किंवा कापायच्या तारेच्या लूपमधल्या करंटने कडा जळाल्या, तर कडा मोकळ्या, म्हणजे रोगाविना, आहेत का हे पॅथॉलॉजिस्ट सांगू शकत नाही. मग कोन पुन्हा.

3 मिमीपर्यंत खोली म्हणजे स्टेज 1ए1. कडा मोकळ्या असतील आणि रक्त-लसिकावाहिन्यांत पेशी शिरलेल्या नसतील, तर मूल हवं असणाऱ्या बाईला कोन हाच उपचार पुरतो. नको असेल तर साधी पिशवी काढतात. 3 ते 5 मिमी म्हणजे 1ए2. इथे ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही तपासतात. त्याहून खोल, पण 2 सेमीपर्यंतची गाठ 1बी1. पूर्वी हिला सरसकट रॅडिकल शस्त्रक्रिया, म्हणजे पिशवीसोबत बाजूच्या ऊतीही काढणारी, होती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शेप’ चाचणीत, कमी धोक्याच्या निवडक रुग्णांत साधी पिशवी काढणं तिच्यापेक्षा कमी ठरलं नाही, आणि लघवीचे त्रासही कमी झाले. रॅडिकलच करायची तर पोट उघडून: 2018 च्या ‘लॅक’ चाचणीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रोग जास्त उलटला, मृत्यूही जास्त झाले.

आता घाईचा तोटा. साधी पिशवी काढली आणि नंतर खोलवरचा कर्करोग निघाला, तर बाजूच्या ऊती व ग्रंथी आतच राहिलेल्या असतात. मग चिकटलेल्या पोटात दुसरी शस्त्रक्रिया, नाहीतर रेडिएशन, आणि रेडिएशनने तरुण बाईचे अंडाशय बंद पडतात. एरवी स्क्वॅमस (सपाट पेशींच्या) प्रकारात ते बहुधा राखता येतात. हे शस्त्रक्रियेआधीच विचारा.

कोनचा रिपोर्ट आला की खोली किती, कडा मोकळ्या का, वाहिन्यांत शिरकाव आहे का, या तीन ओळींचा फोटो लगेच पाठव.

तुझी,
मीरा