सिएनाच्या कॅथरीनची पत्रं

प्रिय सुजे,

पत्राला उशीर झाला, शिव्या नंतर घाल. सुट्टी होती म्हणून मिलानहून सिएनाला जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात संत कॅथरीनच बसलीय. फोंतेब्रांदा म्हणून जुना पाणवठा आहे, त्याच्या वरच्या चढावर तिचं घर. बाप रंगारी, म्हणजे पाणी जवळ हवंच. जन्म १३४७ चा, चोविसावं अपत्य! अगं चोविसावं!! पुढच्याच वर्षी गावात प्लेग.

घरच्यांनी लग्नाचा धोशा लावला तर हिने सरळ केस कापून टाकले, मग शिक्षा म्हणून खोली गेली आणि घरची सगळी कामं हिच्या गळ्यात, तरी बधली नाही, शेवटी बापच म्हणाला सोडा तिला. मठात नाही गेली हं, घरी राहून व्रत पाळणाऱ्या डोमिनिकन पंथाच्या बायकांच्यात शिरली, बहुतेक सगळ्या विधवा.

आणि पत्रं! आधी लिहिता यायचं नाही, ही सांगणार आणि दुसरे उतरवून घेणार. ३८० च्या आसपास पत्रं आज आहेत, राण्यांना, भाडोत्री सैन्याच्या सरदाराला, आणि थेट पोपना. पोप तेव्हा रोम सोडून आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंला राहायचे. ही अकराव्या ग्रेगरींना 'बाब्बो' म्हणते, म्हणजे चक्क बाबा, आणि त्याच दमात सुनावते की घाबरू नका, परत या. १३७६ मध्ये स्वतः जाऊन भेटली, १३७७ च्या जानेवारीत ते रोमला पोचले. सगळं हिच्यामुळेच असं नाही, इटलीत पोपच्या राज्यातली शहरं बंड करून उठली होती, पण रंगाऱ्याच्या पोरीने पोपना असं बोलायचं म्हणजे बघ.

उपासाचं मात्र मला झेपत नाही. अन्न जवळजवळ सोडलेलंच, शेवटी पाणीसुद्धा. लोक तेव्हाही टोकायचे. १३८० मध्ये रोममध्येच वारली, ३३ वर्षांची. धड तिथेच, डोकं सिएनात, सान दोमेनिको चर्चमध्ये. बघितलं मी, फार वेळ नाही बघवलं. १४६१ मध्ये संत झाली, १९७० मध्ये 'चर्चची आचार्य' (म्हणजे जिची शिकवण चर्च मोठी मानतं अशी), हा मान मिळालेल्या पहिल्या दोन बायकांतली एक.

आई लापा हिच्या मागेही जगली. तिलाही एक पत्र आहे. लेक लांब गेली म्हणून ती रडायची, तर ही लिहिते, भाऊ पैसे कमवायला घर सोडून गेले तेव्हा तुला नाही जड गेलं, आताच का? वाचलं आणि तिथल्याच पायरीवर बसून घरी फोन लावला. आईचं पहिलं वाक्य, जेवलीस का?

तुझी,
वैशू