लालिबेलाला तुम्ही यावे म्हणून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

वेरूळ पाहिलेल्या माणसाने इथिओपियापर्यंत येऊन वेगळे काय पाहायचे, हा बाबांचा प्रश्न फोनवर अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कैलास लेण्याप्रमाणेच लालिबेलाची बरीचशी चर्च वरून खाली कोरत नेलेली आहेत. चहूबाजूंनी खोल चर खणून मधला खडक सुटा करायचा आणि मग त्यातूनच छत, खिडक्या, दारे, खांब घडवायचे, अशी ती रीत. परंपरेनुसार झाग्वे घराण्यातील राजा लालिबेला याने बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकाळात ही ११ चर्च खोदवली; जेरुसलेमची यात्रा दुरापास्त झालेल्या भाविकांसाठी त्याला येथेच दुसरे जेरुसलेम उभारायचे होते, म्हणून येथील ओढ्यालाही जॉर्डन नदीचेच नाव आहे. त्यांतील बेते गियोर्गिस हे क्रूसाच्या आकाराचे चर्च अगदी काठाशी जाईपर्यंत दिसतच नाही, कारण त्याचे छत जमिनीच्या पातळीला असून त्यावर एकात एक क्रूस कोरलेले आहेत.

मात्र बाबा, खरा फरक पुढेच आहे. कैलास लेण्यात आज नित्यपूजा नाही. पूजेसाठी आपण घृष्णेश्वराला जातो. येथे त्याच कोरीव खडकात आजही उपासना चालते. पादत्राणे बाहेर काढून आत गेले की अंधारात ढोल आणि धातूचे खुळखुळे ऐकू येतात, गीझ भाषेतील स्तोत्रे चाललेली असतात, आणि पांढरी वस्त्रे पांघरलेल्या बायका आत पाऊल टाकण्यापूर्वी दाराच्या चौकटीचे चुंबन घेतात. ७ जानेवारीच्या ख्रिस्तजन्मोत्सवाला तर दूरदूरच्या खेड्यांतून लोक कित्येक दिवस पायी चालत येतात. काही चर्चवर पावसापासून रक्षणासाठी उभारलेली मोठी आच्छादने डोळ्यांना खुपतात, पण पाण्याने झिजणारा दगड पाहिल्यावर मला ती गरजेची वाटली.

आईच्या गुडघ्यांचा विचार करता उत्सवाची गर्दी टाळून पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यावे. पायऱ्या गुळगुळीत झालेल्या आहेत आणि भुयारी वाटा अंधाऱ्या आहेत, त्यामुळे सोबत स्थानिक वाटाड्या हवाच. गाव सुमारे २,५०० मीटर उंचीवर असल्याने पहिला दिवस विश्रांतीचा ठेवू. जेवणाची काळजी नको: बुधवारी आणि शुक्रवारी येथील ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपवास असतो, तेव्हा मांस, अंडी, दूध काहीच नसलेले जेवण सहज मिळते, त्यातला शिरो आईला आपल्या पिठल्यासारखा वाटेल.

लालिबेला ज्या अम्हारा प्रांतात आहे तेथे अलीकडच्या काळात संघर्ष झालेला आहे, म्हणून परिस्थिती शांत असल्याची खात्री झाल्याखेरीज मी तिकिटे काढणार नाही. तोपर्यंत बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या आणि ही उंची यांविषयी डॉक्टरांना विचारून मला कळवावे.

तुमची लाडकी,
मुलगी